घुशी, आभाळी आणि अमोघचा भुंगा

३ सप्टेंबर

आला! पुंकेसर कुठला नि स्त्रीकेसर कुठला, हे माझ्या वर्गात शेवटपर्यंत न कळलेला अमोघ आज पीएचडी करायला आमच्याच पठारावर आला — ड्रोन घेऊन! विषय काय, तर घुशींच्या उकरण्याचा पठारावरच्या फुलांवर होणारा परिणाम. हसावं की रडावं? अरे, परिणाम काय व्हायचाय! घूस पोखरते, मुळं कुरतडते, झाड मरतं. हे सांगायला डोक्यावर भुंगा फिरवावा लागतो?

पाया पडला मात्र. "सर, वरून सगळं पठार दिसतं." म्हटलं, वनस्पतिशास्त्र गुडघ्यावर बसून करतात, आकाशात बघून नाही. नुसता हसला. तेवढं शिकलाय.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. मोबाइलवर सकाळपासून गुलाबच गुलाब. पाठवणाऱ्यांपैकी एकालाही पाकळ्या मोजता येत नसतील.

९ सप्टेंबर

अमोघ लॅपटॉप घेऊन घरी. चहा प्यायला, वर बिस्किटं संपवली, मग मुद्द्यावर आला. घुशी बिळातून माती काढून ढीग घालतात, त्याला इथे उकीर म्हणतात. तर याच्या भुंग्याला म्हणे प्रत्येक उकिराभोवती आभाळीच्या फुलांचं निळं कडं दिसलं! "सर, घुशी माती वरखाली करतात म्हणून आभाळीला रुजायला जागा मिळते. घुशी गेल्या तर आभाळीही जाईल."

मी स्क्रीनला नाक लावून पाहिलं. मळकट करडे डाग! निळं कुठंय?

खोदून विचारलं तेव्हा कबूल केलं, की काही नकाशांत कॉम्प्युटर आपल्या मनाचे रंग भरतो. "पण हा साधा फोटो आहे, सर." वा रे वा! पकडले गेले की एवढं एकच खरं!

भाद्रपदात हे पठार निळंशार व्हायचं, ते मी पाहिलंय. दर वर्षी निळं कमी होत गेलं, तेही मीच पाहिलंय. स्वतःच्या डोळ्यांनी. चीड येते. आभाळी माझं आवडतं फूल, आणि हा दीडशहाणा तिच्या मारेकऱ्यांची वकिली करतोय.

१० सप्टेंबर

रजनी नवी साडी नेसून पुढ्यात उभी. "निळा कसा दिसतो हो मला?" निळा! अगं, राखाडी आहे ती, दुकानदाराने गंडवलंय तुला. रुसली. संध्याकाळी भाजीत मीठ नाही.

वर पुन्हा मोतीबिंदूचं तुणतुणं. आहे थोडा, माहीत आहे मला. हल्ली पेपरवाले अक्षरं बारीक छापतात, तेवढाच त्रास. सोळा तारखेला पौडच्या शिबिरात एक डोळा करून घेतो म्हटलं, तेव्हा गप्प झाली.

१३ सप्टेंबर

ग्रामसभा. हैबतराव उठले. भाताची खाचरं त्यांचीच सगळ्यात जास्त.

"सर, घुशींनी बांध पार फोडल्यात. पठारावरनंच खाली येत्यात. औषध टाकून मोकळं व्हायचं, तर ह्यो पोरगा न्हाई म्हन्तोय. तुमी झाडंपानं जानता. तुमी म्हनाल तसं."

सगळे माझ्याकडे बघत होते. अमोघपण. मी म्हणालो, टाका! फुलं केव्हाच संपली, आता राखायचं काय?

"उघडीप मिळाली की टाकतो," हैबतराव म्हणाले. टाळ्या पडल्या. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

१४ सप्टेंबर

अमोघ सकाळीच दारात. "सर, एकदा वर चला. एकदाच." काकुळतीला आला होता, म्हणून गेलो.

चिखल. वारा. वाटेतच एका उकिरात पाय गेला, पडता पडता वाचलो. पाजी जात!

"दाखव तुझी आभाळी." त्याने पायाशी बोट केलं. वाळकं गवत. "हे वाळकं आहे रे." तो खाली बसला, काहीतरी खुडून माझ्या तळहातावर ठेवलं. आभाळीच होती. केसाळ, मऊ, हाताला लगेच कळली. पण रंग गेलेला, राखेसारखा. म्हटलं, बघ! उरलीसुरलीही कोमेजली, तुझ्या लाडक्या घुशींमुळे.

तो फुलाकडे बघेना. माझ्याकडेच बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, डोळ्यांचं ऑपरेशन कधी आहे?"

उद्धट! विषय काय, बोलतोय काय! एकटाच खाली उतरलो.

१६ सप्टेंबर

उजव्या डोळ्याला पट्टी. डाव्याने कसंबसं लिहितोय. डॉक्टर कालचं पोर, पण हात हलका आहे. बाहेर लख्ख ऊन पडलंय म्हणे.

१७ सप्टेंबर

पट्टी निघाली. समोर रजनी, तीच साडी नेसून. निळी! गच्च निळी! उजवा डोळा झाकला — राखाडी. डावा झाकला — निळी.

तिथूनच हैबतरावांना फोन लावला. म्हटलं, औषध थांबवा!

"आता काय थांबवायचं, सर? काल ऊन पडलं तसं समदं पठार उरकलं. येक बीळ सोडलं न्हाई. तुमचा शबुद म्हंजे शबुद!"