विहीणबाई मुराळी झाल्या त्याची हकीकत

धुळे,
आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) दुसरा दिवस, दुपार

चि. झुलाल यास बेबाअक्काचे अनेक आशीर्वाद. वरती 'धुळे' लिहिलेलं बघून चष्मा पुसू नकोस, बरोबरच लिहिलं आहे. तुझी शुगर कशी आहे? कालच्या आमरसानंतर मुद्दाम विचारते. वहिनीची कंबर कशी आहे? सोनगीरला ऊन कसं आहे ते विचारत नाही, इथे कूलरसमोर बसून माझा जीव जातोय तर तुमच्या किल्ल्याखाली काय होत असेल ते समजतं. मी मजेत आहे. (हे वाक्य मी प्रत्येक पत्रात लिहिते. या वेळी ते खरं आहे, म्हणून पुन्हा लिहिते: मी मजेत आहे.) फोन सोडून पत्र कशाला, तर तू फोन स्पीकरवर टाकतोस आणि मग तुझ्या घरासकट अर्धी गल्ली माझ्या गुडघ्यांची चौकशी करते. इथल्या शेजारचे अभिमनभाऊ तुमच्या सोनगीरला भांड्यांच्या दुकानात रोज कामाला जातात, ते हे पत्र तुझ्याच हातात देतील. दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही असं मी त्यांना बजावलं आहे.

तुला माहीतच आहे, आई गेल्यापासून आखाजीला माझ्या दारात सोनगीरचा मुराळी फारसा आलेला नाही. मी रागावलेली नाही. (असं लिहायची रीत आहे.) दर वर्षी आखाजी जवळ आली की मी अंगण जरा जास्तच झाडते, आणि जामनेरच्या स्टँडकडून कुणी पिशवीवाला आमच्या गल्लीत वळला की आत जाऊन उगाच भांडी वाजवते, एवढंच. या वर्षीही एक पिशवी वळली. जवळ आली तेव्हा कळलं की पिशवीच्या वर डोक्यावरून पदर आहे आणि पदराच्या आत आमच्या विहीणबाई आहेत, म्हणजे माझी सून हेमांगी, तिची आई धुरपदाबाई. एकट्याच. घाम पुसत ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, मुराळी येल शे, पानी आना.

आता तूच सांग, आपल्याकडे सासुरवाशिणीला आखाजीला माहेरी न्यायला येतो तो मुराळी. तो बाप असतो, भाऊ असतो, कुणीच नसेल तर चुलतभाऊ असतो, पण पायजमा किंवा पँट घातलेला असतो. हेमांगीला भाऊ नाही. तिच्या वडलांच्या, पुनाभाऊंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चुलतभावाला सुट्टी मिळेना. म्हणून विहीणबाईंनी आपली पिठाची गिरणी बंद केली आणि सरळ एसटीत बसल्या. (त्या गिरणीमुळे त्या मोठ्याने बोलतात. आमच्या गल्लीला वाटलं भांडण लागलं, चार बायका चहा सोडून आल्या.) मला ते काही बरं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. बाईमाणसाने मुराळी व्हायचं म्हणजे उद्या वरातीत घोड्यावर कोण बसेल याचा भरवसा नाही, असं माझ्या मनात आलं. पण पाहुणीला कोण बोलणार? गूळ-पाणी दिलं, जेवू घातलं.

खरा घोटाळा निघताना झाला. मुराळ्याला परत पाठवताना टोपी-टॉवेल द्यायचा, आणि विहिणीची ओटी भरायची. मी खण-नारळ काढला. तुझे दाजी म्हणाले, थांब. तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे, मार्केट कमिटीत जन्म गेला, मापात एक दाणा इकडचा तिकडे चालत नाही. त्यांचं म्हणणं, या मुराळी म्हणून आल्यात, मग मुराळ्याचा मान टोपीचा; विहीण म्हणून येतील तेव्हा ओटी. मी म्हटलं, अहो बाईला टोपी घालतात का? ते म्हणाले, बाईला नाही घालत, मुराळ्याला घालतात. यावर बराच वेळ खल झाला. भूपेंद्रला (माझा लेक, तुझा भाचा) असल्या वेळी मोबाईलमध्ये काम निघतं, तसं निघालं. शेवटी विहीणबाईंनीच मान पुढे केली. दाजींनी पदरावरून पांढरीशुभ्र टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, आणि त्या तशाच ताठ उभ्या राहिल्या. खरं सांगते, टोपी शोभून दिसत होती. मी ओटीही भरली, कारण मला राहवेना. पुढे बसमध्ये मागून येणाऱ्या कंडक्टरला फक्त टोपी दिसली आणि तो म्हणाला, आबा, जरा सरका. आबा वळले तेव्हा बिचाऱ्याचं तिकिटाचं मशीनच हातातून सुटलं.

मी बसमध्ये कशी, ते सांगायचं राहिलं. हेमांगीची बॅग दारात आली, तशी विहीणबाईंनी मला विचारलं, तुमनी पिशवी कोठे शे? मला वाटलं काही विसरल्या. त्या म्हणाल्या, मी दोन लेकीसले लेवाले येल शे. आधी कुणाला काही समजलं नाही. मग तुझ्या दाजींना समजलं की दुसरी लेक म्हणजे मी, आणि ते पटकन म्हणाले, मंग पुरनपोया कोन करीन? विहीणबाई म्हणाल्या, तुमीन करा, दोन्ही बापलेक शेतस ना घरमा. मी शंभर कारणं सांगितली. पितरांची घागर भरायची आहे, दूधवाला येईल, मुलाच्या आईने सुनेच्या माहेरी राहायला जाणं बरं दिसत नाही, जग काय म्हणेल. हेमांगीने तेवढ्यात माझं लुगडं, चष्म्याचं घर आणि बीपीच्या गोळ्या पिशवीत भरल्या होत्या. झुलाल, इतक्या वर्षांनी कुणीतरी माझी पिशवी भरत होतं. मी 'नको नको' म्हणत चपला घातल्या.

इथे आल्यावर पहिल्या सकाळी सवयीने उठून चूल पेटवायला गेले तर विहीणबाईंनी मला स्वयंपाकघरातून हाकललं. मागच्या निंबाला झोका बांधला आहे, त्यावर बसा म्हणाल्या. बसले. पण बसायचं कसं तेच मी विसरून गेले होते. हात कुठे ठेवावेत कळेना. थोड्या वेळाने गुपचूप उठून दोरीवरचे कपडे घड्या करायला घेतले, तर गिरणीतून आवाज आला की मुराळी परत नेऊन सोडील. मग बसले. दुपारी त्यांनी माझ्या डोक्याला तेल लावलं. माझ्याहून वयाने लहान बाई, विहिणी-विहिणींचं नातं, आणि मी त्यांच्या पुढ्यात डोकं देऊन बसले आणि मला रडू आलं. तेल डोळ्यात गेलं असं सांगितलं. त्यांनी मान्य केलं.

घरून दाजींचे फोन चालूच आहेत. हिंग कुठे आहे, पुरण शिजवायचं की आधी वाटायचं, आणि काल सकाळी फार गंभीर आवाजात, की पुरण पातळ झालं तर त्याची परत डाळ करता येते का. शेवटी बापलेकांनी त्यात मीठ-तिखट घालून वरण केलं, आणि पितरांना पानात गोड वरण, पाव आणि डांगराची (खरबुजाची) फोड वाढली. सासूबाई जिवंत असत्या तर पान उचललं असतं, पण आता त्यांचा नाइलाज आहे. घागर मात्र दाजींनी स्वतः पाणी आणून भरली, मापात, काठोकाठ. रात्री फोनवर म्हणाले, या घागरीचं पाणी आजवर कोण आणत होतं? मी म्हटलं, आठवा.

आता एक कबूल करते, गावात बोभाटा करू नकोस. आखाजीला पुरुष उघड पत्ते खेळतात, त्या दिवशी पत्त्यांना माफी असते. पुनाभाऊ गुडघा लांब करून ओट्यावर एकटेच पत्ते पिसत बसले होते, जोडीदार आला नव्हता. मी झोक्यावरून बघत होते. बघता बघता तीन पत्ती खेळायला बसले. चिंचोके लावले होते. मी व्याह्यांचे सगळे चिंचोके जिंकले, आणि ते अजून म्हणतात की विहीणबाईंनी, म्हणजे मी, लबाडी केली. (केली.) तेवढ्यात समोरच्या बाई कुरडया परत द्यायला आल्या आणि मला पत्त्यांसकट बघून तोंडाला पदर लावून निघून गेल्या. संध्याकाळी त्या परत आल्या, पानं कशी लपवायची विचारायला.

हेमांगीचं तर मला कोडंच आहे. कृषी सहायक म्हणून दिवसभर बांधाबांधावर फिरते, गावच्या पुढाऱ्यांना कपाशीच्या बोंडअळीवरून झापते, आमच्या घरी समानता म्हणजे काय ते जेवताना समजावते. आणि इथे आल्यापासून कोपरापर्यंत मेंदी, हातभर काचेच्या बांगड्या, आखाजीच्या गौराईपुढे पिंगा. मी विचारलं, हे तुझ्या समानतेत बसतं का? ती म्हणाली, आई, मेंदी सोडायला कुणी सांगितलंय, मेंदी वाळेपर्यंत बसू द्या एवढंच म्हणणं आहे. विहीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, मला त्यातलं काही कळत नाही, गिरणी माझ्या नावावर आहे. तिघींचं तीन तऱ्हेचं आहे, पण एका ताटात जेवलो. मला ही सून मिळाली आणि सुनेबरोबर तिची आई मिळाली, मी देवाचे फार उपकार मानते.

फक्त काल विहीणबाई खापरावर मांडे टाकत होत्या, घामाने निथळत, आणि मी झोक्यावर. सहज विचारलं, तुम्ही माहेरी कधी गेला होता? त्या हसल्या, मन्ह माहेर आते हाईच, म्हणजे हेच घर. आणि मला एकदम वहिनी, तुझी बायको, आठवली. आई गेली त्याच्या पुढच्या आखाजीला तू मला न्यायला आला होतास. त्याच दिवशी साक्रीहून वहिनीचे वडील मुराळी म्हणून आले होते. नणंद आलीय, तिला पुरण कोण करेल, म्हणून वहिनी थांबली. म्हातारबाबा ओट्यावर पाणी प्यायले, डोक्यावरची टोपी नीट केली आणि एकटेच परत गेले. पुढच्या आखाजीला ते नव्हते. मी त्या दिवशी मांडे पोटभर खाल्ले होते आणि वहिनीच्या हाताची तारीफही केली होती. इथे झोक्यावर बसेपर्यंत मला यातलं काही सुचलं नाही, आणि तुला अजूनही सुचलं नसणार, म्हणून एवढं लांबट लिहिलं.

बाकी क्षेम. उन्हात फिरू नकोस. पोरांना आशीर्वाद.

तुझी,
बेबाअक्का

ता. क. पुढच्या आखाजीला मला मुराळी पाठवू नकोस. आधी मुराळीच मागायला कागद घेतला होता, पण आता गरज नाही. विहीणबाईंनी माझं नाव पुढच्या वर्षासाठीही नोंदवून ठेवलं आहे.

ता. क. दुसरा. परवा सकाळी उन्हाच्या आत मी आणि हेमांगी विहीणबाईंच्या स्कूटरवर सोनगीरला येतो आहोत. मी मुराळी म्हणून येते आहे, वहिनीला एसटीने धुळ्याला न्यायला. विहीणबाईंनी आणखी एक गादी उन्हात टाकली आहे. वहिनी इथून कधी परतेल ते वहिनी सांगेल. तुझ्या जेवणाचं काय, तर दाजींना फोन कर, आता ते अनुभवी माणूस आहेत.

ता. क. तिसरा. यातलं एक अक्षर वहिनीला कळता कामा नये. कळलं तर ती पहाटे उठून मुराळ्यासाठी पुरण शिजायला टाकेल, आणि पुरण चुलीवर असलं की तिला घरातून हलवता येत नाही. या वेळी मुराळ्याने एकटं परत फिरायचं नाही.