पुष्करची गोधडी

१८ नोव्हेंबर

पोचले बाप्पा एकदाची पुण्यात! यवतमाळपासून ट्रॅव्हल्सने हाडं खिळखिळी केली, पण वाघोलीतलं ताईचं घर पाहिलं आणि शीण गेला. मोठी गॅलरी, समोर कॉलेजचं मैदान, ऊन कसं भरभरून. ताई खराडीला ऑफिसात, भावजी वर्षभरासाठी जर्मनीला. साडेतीन वर्षांच्या तेजसकडे बघायला घरचं माणूस हवं होतं आणि बी.एड. होऊन मी रिकामीच बसले होते. निघताना आईने बजावलं, पोराला डोळ्यात तेल घालून जप. हे काय सांगायला हवं? एकुलता एक भाचा माझा. दारातच 'नमू आली' म्हणत बिलगला. सगळ्या जगाची मी नम्रता, नमू म्हणणारा हा एकटाच.

बिलगला तोही एका हाताने. दुसऱ्या हातात निळी गोधडी होती.

२१ नोव्हेंबर

ही गोधडी म्हणजे माझी सवतच आहे. निळ्या लुगड्याची, एका कोपऱ्याला लाल ठिगळ. पडला, रुसला, सुई टोचली, काहीही होवो, लाल कोपरा गालाला लावला की साहेब शांत. धुवायला टाकली तर मशीनसमोर मांडी ठोकून बसला, काचेतून तिला धीर देत.

ताईला विचारलं, कुठून आणलीस? तर ती वरच्या मजल्यावरच्या सुनीतीकाकूंची. तेजस वेळेआधी झाला, आई यवतमाळला अडकलेली. नव्या बाळाच्या अंगाला आधी नवं कापड लावायचं नाही, दुसऱ्याच्या धडधाकट पोराचं जुनं लावायचं, म्हणजे त्याचं आयुष्य बाळाला लागतं, ही आपली रीत. ती तेवढी ताईच्या लक्षात होती. काकूंच्या कपाटावर मुलाचा बालवाडीतला फोटो पाहिलेला, म्हणून तिने मागितलं आणि त्यांनी गोधडी दिली. मुलगा पुष्कर. आता परदेशात वगैरे असेल, असं ताई म्हणाली.

२५ नोव्हेंबर

सुनीतीकाकू आल्या होत्या. मूळच्या सदाशिव पेठेतल्या. माझ्या हातची झणझणीत पातोडी चाखली आणि म्हणाल्या, छान आहे हो, पाण्याचा टँकर मागवा. स्वतः आमटी आणली होती, गुळाने नुसती गोडमिट्ट. तेजस असलं तोंडात धरत नाही, असं मी ठसक्यात सांगितलं. पण त्याने वाटी चाटूनपुसून साफ केली! मेला दलबदलू.

काकू त्याच्याकडे एकटक बघत होत्या. पोराकडे नाही, त्याच्या खाणाऱ्या हाताकडे. तो डाव्या हाताने खात होता. कालपर्यंत उजव्याने खायचा ना? मला नीट आठवेना.

२९ नोव्हेंबर

दुपारी गॅलरीत गोधडीच्या लाल कोपऱ्याला कान लावून तो हळू आवाजात बोलत होता. कोणाशी म्हटलं, तर आतल्या दादाशी. त्या दादाला आत कंटाळा आलाय, बाहेर यायचंय. पण आत कोणीतरी झोपलेलं लागतंच, म्हणून दादा बाहेर आला की तेजस थोडा वेळ आत झोपणार आहे.

हसले मी. पोरांची डोकी! पण गोधडी घडी करायला उचलली तर जड लागली. कडेवरच्या पोरासारखी, आणि ऊबही तशीच. उन्हात होती म्हणून असेल.

२ डिसेंबर

काकू हल्ली रोज येतात. रोज आमटी. मला ही बाई पटत नाही.

तेजस आता मला अहो म्हणतो. कुठल्याशा अंधाऱ्या जिन्याचं, खालच्या छापखान्याच्या वासाचं सांगतो. आयुष्यात जिना चढलेला नाही हा, लिफ्टमध्ये वाढलेला. ताईला सांगितलं तर म्हणाली, संगतीचा गुण, काकूंकडून उचललं असेल. वर मलाच टोमणा, की त्याला काकूंचा लळा लागला म्हणून तुझ्या पोटात दुखतंय. दुखतंयच. पण ते वेगळं, हे वेगळं.

५ डिसेंबर

आज वर गेले आणि सरळ विचारलं, पुष्कर कुठे असतो?

काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, गेला. पाचव्या वर्षी, तापात, सदाशिव पेठेत. याच गोधडीत.

तांदळाचं ताट मी बाजूला सारलं. म्हटलं, अहो, अशा मुलाचं देतात का कोणी बाळाला? तर म्हणाल्या, तुमच्या ताईने जुनं मागितलं, मी जुनं दिलं. बाकी चौकशी तिने केली नाही.

आणि मग हसल्या. म्हणाल्या, तुमच्यात म्हणतात ना, त्याचं आयुष्य याला लागतं? ते उलटंही लागतं.

६ डिसेंबर

ताईचा विश्वास नाही. दुःखी बाई आहे, तोंडाला येईल ते बोलते, म्हणाली. रविवारी बोलू म्हणाली.

मी रविवारची वाट बघणार नाही. ही वस्तू घरात नको. जिची तिला परत.

७ डिसेंबर, सकाळ

दिली. वाटलं होतं तेजस आकांत करेल. छे. त्याने स्वतः घडी केली. चौकोनी, कोपऱ्याला कोपरा जुळवून. माझ्या हातात ठेवली, डाव्या हाताने —

फार जड होती. जिन्यात दोनदा टेकले. आत काहीतरी हललं, असं — नाही, मीच पायरी चुकले असेन.

काकूंनी घेतली आणि दाराआड ठेवली. छातीशी धरली नाही. मला ते खटकलं.

दुपार

गोधडीची आठवणही काढत नाही. खुर्चीत ताठ बसलाय. मी म्हटलं, नमूकडे ये. नमू कोण, असं विचारलं.

देवा. मी काय वर नेऊन दिलं?

—

वर धावले. गोधडी नाही. काकूंच्या हातात नवीकोरी स्टीलची बरणी. बोहारीण आली होती, तिला दिली म्हणाल्या. आता ठेवून काय करू, माझं काम झालं —

खाली आले चप्पल, मोबाइल घ्यायला. मोबाइल सापडत नाही. दाराला बाहेरून कडी. कोणी लावली?

गॅलरीतून दिसतेय बोहारीण, गेटपाशी, डोक्यावर बोचकं. ओरडतेय मी, ती वर बघत नाही. तिच्या हाळीत दुसरा आवाज आहे. बारीक. नमू, नमू —

ताई, हे वाचशील तर आधी गोधडी शोध. निळी, कोपरा लाल. उसवू नको, धुवू नको, छातीशी धर. घरात आहे त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस, आई म्हणाला तरी —

तो खुर्चीतून उठलाय. अहो, काय लिहिताय, म्हणतोय. हात पुढे केलाय, डावा —

ताई, लाल कोपरा गालाला लाव, म्हणजे तो रडायचा थां