थट्टेचं नातं

४ ऑगस्ट

पोचलो एकदाचा! ट्रकच्या टपावर बसून आल्यामुळे नाकातोंडात लाल धूळ गेली आहे आणि कंबर पार मोडली आहे, पण मन एकदम खूश आहे. वनरक्षकाचा कोरा गणवेश, नवी टोपी आणि पहिलीच नेमणूक थेट शिकारीच्या छावणीत! सोंगेआहून निघताना आईनं पुन्हा पुन्हा बजावलं, की ओझमुंडा, रानात राग आवर. माझा राग हा आमच्या घरात चेष्टेचा विषय आहे. दुधासारखा उतू जातो आणि चूल विझवून बसतो.

छावणी नदीकाठी आहे. नदी म्हणजे सध्या वाळू आणि मधे दोन डबकी. शिकार घडवून आणणारा वाटाड्या लाझारो हा इरिंगाचा ग्रीक, तिथेच जन्मलेला. घरची तंबाखूची शेती सोडून बंदुकीमागे लागला. हेहे भाषा हेहे लोकांपेक्षा भराभर बोलतो. पाहुणा होल्गर हा डेन्मार्कचा दातांचा डॉक्टर. आयुष्यातली पहिलीच मोठी शिकार करायला आला आहे. आल्या आल्या त्यानं स्वयंपाक्याची दाढ तपासून दिली.

माझं काम सोपं आहे. परवान्यात आहे तेच जनावर मारलं जातंय ना ते बघायचं, आणि जखमी जनावर तसंच सोडून कुणाला निघू द्यायचं नाही. रानाला लागून गाव आहे, बायका सरपणाला आत येतात. जखमी रानरेडा झाडाआड उभा राहून वाट बघतो आणि जो पहिला दिसेल त्याच्यावर जातो.

माग काढायला हेहे जमातीचा लुहवागो आहे; वयानं मोठा, म्हणून सगळे त्याला म्झे म्हणतात. माझं म्बानो हे न्गोनी आडनाव कानावर पडताच त्यानं चहाचा पेला खाली ठेवला आणि रानाकडे तोंड करून ओरडला, की उंदरांनो, बिळात पळा, तुम्हांला खाणारा न्गोनी आला! मी काय ऐकून घेतोय? मीही स्वयंपाक्याला सांगितलं, की छावणीतली कुत्री आत बांध, इथं एक हेहे भुकेला बसलाय. झालं, नातं जुळलं. आमचे न्गोनी आणि हेहे पणजोबा एकमेकांची मुंडकी उडवत होते, म्हणून आम्ही त्यांची पणतवंडं एकमेकांचे म्तानी, थट्टेचे नातेवाईक. हवी तशी थट्टा करायची, हवं ते उचलून न्यायचं, पण रागवायचं नाही. रागावला तो हरला. चहा संपायच्या आत माझी नवी टोपी म्हाताऱ्याच्या डोक्यावर गेली होती.

६ ऑगस्ट

डॉक्टरसाहेबांचा नेमबाजीचा सराव चालू आहे. ठोकळ्यावर नेम धरतात आणि शेजारचं झाड जखमी होतं. लाझारो गोड बोलून शिकवतो. त्याचं कौतुक वाटतं, कारण मी असतो तर बंदूक काढूनच घेतली असती. त्सेत्से माशा कापडातून चावतात. धुळीनं मला कोरडा खोकला लागला आहे. म्झे लुहवागो म्हणतो, या उंदीरखाऊला पुढे चालवा, याच्या खोकल्यानं जनावरं झोपेतून उठून स्वतःच बाहेर येतील. आणि माझा उजवा पाय, फुटबॉलमध्ये मोडल्यापासून बाहेर पडतो, तर त्यावरून म्हणतो की हा एकटाच दोन वाटांनी चालतो. मी म्हटलं, तुझ्यासारखं चार पायांनी चालण्यापेक्षा बरं. जेवताना मक्याच्या उगालीचा माझ्या वाटचा गोळाही त्यानं उचलला. दिवस वाया गेला, पण हसून पोट दुखलं.

८ ऑगस्ट

अखेर रेडा दिसला. म्हातारा, कळपातून हाकललेला, शिंगांवर चिखल वाळलेला. लाझारोनं बंदूक टेकवायला तिकाटणं उभं करून दिलं, कानात सांगितलं की खांद्यावर मार. साहेबांनी पोटात मारली! रेडा वळला, आमच्याकडे एकदा नीट बघितलं आणि जाळीत शिरला. लाझारो म्हणाला, घाई नको, थोडा वेळ दिला की आडवा होतो. थांबलो. आडवा झाला नाही. अंधार पडेपर्यंत रक्ताचे थेंब वेचत राहिलो आणि रिकाम्या हातानं परत आलो. डॉक्टर सारखी माफी मागतो. त्याच्या माफीनं रेडा मरणार आहे का?

९ ऑगस्ट

सकाळपासून माग काढतोय. जाळी अशी, की पुढच्या माणसाची पाठ दिसत नाही. म्झे लुहवागोचे नियम वेगळेच. रेड्याचं नाव घ्यायचं नाही, म्हातारबुवा म्हणायचं. जोरात बोलायचं नाही. दर थोड्या वेळानं ताज्या शेणाजवळ यायचो आणि रेडा नुकताच उठून गेलेला असायचा. पुन्हा पुन्हा तेच. शेवटी माझं डोकं फिरलं. मी एका वारुळावर चढलो आणि जाळीकडे बघून ओरडलो, "अरे ए कुत्रेखाऊ! हेह्याची अवलाद! ढुंगणाला पाय लावून पळतोस काय? बाहेर ये, तुझ्या मयताला नाचायला मी आलोय!"

लाझारो हसला. डॉक्टरला समजावून सांगितल्यावर तोही हसला. म्झे लुहवागोनं मात्र मला दंडाला धरून खाली ओढलं.

"माझ्याशी बोलायची भाषा तू त्याच्याशी बोललास," तो म्हणाला. "आता तो तुझा म्तानी झाला. कुठं थांबायचं ते मला कळतं रे पोरा. त्याला कोण सांगणार?"

मी म्हटलं, बरंच झालं, एक म्तानी म्हातारा झाला होता, दुसरा मिळाला. एवढ्यात जाळीतून फुरफुर ऐकू आली, अगदी जवळून. लाझारो बंदूक सरसावून आत शिरला, पण आत काहीच नव्हतं.

११ ऑगस्ट

रक्त थांबलं आहे, पण जनावर चालतंच आहे. कालचा सगळा माग गोल फिरून छावणीत आला. दोरीवर वाळत घातलेला माझा गणवेशाचा सदरा नाहीसा झाला होता. मागावरून गेलो तर एका बाभळीखाली रेड्याची बसायची जागा सापडली. गवत दबलेलं, त्यावर माझा सदरा पसरलेला. चिखलानं भरलेला, पण कुठेही फाटलेला नाही. स्वयंपाकी म्हणाला, नव्या म्तानीनं हक्क बजावला वाटतं. मला हसू आलं नाही.

लाझारोचं म्हणणं, जनावर कुठल्या तरी खड्ड्यात मरून पडलं असेल, तू परवान्यावर सही कर, आपण निघू. डॉक्टरला ताप आहे. सगळे माझ्याकडे असे बघतात, जणू गोळी मी मारली! पण मी हटणार नाही. जखमी जनावर सोडून जायचं नाही, हे मी लाझारोला तोंडावर सांगितलं. कुणाची तरी बायको सरपणाला येईल आणि शिंगावर जाईल, मग सही माझीच असेल.

१२ ऑगस्ट

आज म्झे लुहवागोनं मला नदीच्या वाळूत रेड्याच्या मागाशेजारून चालायला लावलं. मग दोन्ही माग बोटानं दाखवले. रेड्याचा मागचा उजवा खूर बाहेर पडतो. माझ्या पायासारखाच. म्हातारा म्हणाला, परवापर्यंत असा पडत नव्हता. मी म्हटलं, जखमेनं लंगडत असेल. लहान मुलाच्या बोलण्यावर हलवतात तशी त्यानं मान हलवली.

मग म्हणाला, जिवंत माणसाची थट्टा करायची असते आणि नक्कल मेलेल्याची. हे त्यानं मला सांगायला नको. मयताच्या घरी म्तानी जातो, मेलेल्याची चाल चालतो, त्याच्या आवाजात बोलतो, तेव्हा कुठे रडणाऱ्यांना हसू फुटतं. मीही हे केलं आहे. पण इथं मेलंय कोण? असं मी विचारलं, तर म्हणाला, अजून कुणी नाही, म्हणून तर म्हणतोय, परत चल.

माझं दूध उतू गेलं. डास, माशा, ताप, माफ्या आणि त्यात ही म्हातारचळाची गोष्ट! मी त्याला भित्रा म्हणालो, थेरडा म्हणालो, आणखीही काही म्हणालो. थट्टेत नव्हे. मी हसेन म्हणून तो थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी हसलो नाही. तेव्हा त्यानं डोक्यावरची माझी टोपी काढली आणि परक्याला देतात तशी, अदबीनं, दोन्ही हातांनी मला परत दिली.

मला वाईट वाटतंय. पण माझंच बरोबर आहे.

१३ ऑगस्ट

दिवसभर कुणी कुणाशी बोललं नाही. म्झे लुहवागो मला "साहेब" म्हणतो.

दुपारी जाळीतून खोकला आला. कोरडा, शेवटी घसा खाकरणारा. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरनं पाण्याची बाटली पुढे केली.

मी खोकलो नव्हतो.

१४ ऑगस्ट

म्झे लुहवागो गेला. लिहून ठेवतो.

मी मागे थांबून बुटाची नाडी बांधत होतो. तो पुढे होता. लाझारो आणि डॉक्टर बाजूला, झाडाखाली. जाळीच्या आतून हाक आली, "अरे ए कुत्रेखाऊ, कुठं मेलास? इकडे ये!"

माझा आवाज. माझाच. मी तोंड उघडलेलं नव्हतं.

म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला — मला दिसला तो. दोन दिवसांचा अबोला संपला असं वाटलं असणार त्याला. "आलो रे, उंदीरखाऊ!" म्हणाला आणि घाईघाईनं आत शिरला. मी ओरडलो, थांबा, मी इथं आहे. पण त्याला हाका दोन ऐकू आल्या असतील. त्यातली हसरी त्यानं निवडली.

लाझारोनं जाळीत तीन बार टाकले. काहीच पडलं नाही. म्हातारा सापडला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं.

मी एकदा हसलो असतो तर — एकदाच —

१६ ऑगस्ट

लुहवागोचं गाव. लाझारोच्या ट्रकमधून त्याला घरी आणलं. डॉक्टर परस्पर विमानतळाकडे गेला. जाताना रडत होता.

आज पुरलं. लाझारो म्हणतो, इथलं उरकलं की परत रानात जाऊन त्या रेड्याला संपवणार. बंदूक खांद्यावरून उतरवत नाही, मयताच्या घरीसुद्धा. येताना ट्रकमागचा रस्ता त्यानं दोनदा उतरून पाहिला. काय पाहिलं ते सांगत नाही.

मीही पाहिलं. धुळीत खूर. उजवा बाहेर पडलेला.

लुहवागोची बायको आतानासिया माझ्याजवळ आली. म्हणाली, न्गोनी आलाय ना, मग उद्या माझा नवरा मला एकदा दाखव.

१७ ऑगस्ट, सकाळ

नाही जमलं.

अंगणात गोल करून सगळे बसले होते. मक्याच्या दारूचं मडकं मधे. मी त्याच्यासारखं वाकून चालून दाखवलं. माती चिमटीत धरून हुंगली. उंदरांना ओरडून बिळात घातलं. कुणी हसलं नाही. आतानासिया वाट बघत होती, तिचे डोळे —

मागून कुणीतरी म्हणालं, हा कसला म्तानी, याला तर आमचा लुहवागो ठाऊकच नाही.

मी भडकलो. मयताच्या घरी, रडणाऱ्या बायकांवर ओरडलो! काय बोललो तेही आठवत नाही. एक म्हातारी हळूच म्हणाली, हा रागावला.

दुपार

मला या खोपीत आणून बसवलं आहे. जेवण कुणी आणलं नाही. माझी हाक कुणाला ऐकू जात नाही, की जातेय आणि —

हसताहेत. बाहेर सगळे हसताहेत. आतानासियासुद्धा. कधीपासून हसली नसेल अशी.

फटीतून नुसत्या पाठी दिसतात. गोलात मधे कुणीतरी आहे. खोकला. घसा खाकरला. पुन्हा हशा.

कुणीतरी ओरडलं, शाब्बास, हुबेहूब म्बानो!

माझी चाल चालतोय. टाळ्या. आतानासिया डोळे पुसत म्हणाली, "बिचारा, तरणाताठा होता."

होता?

मी ओरडलो. मी इथं आहे, जिवंत आहे. शब्द तिकडून आले, गोलातून, माझ्या आवाजात, आणि सगळे आणखी हसले. इकडे माझ्या घशातून नुसती फुरफुर —

पुन्हा ओरडलो. तीच.

हशा थांबला. सगळे वळले. खोपीकडे बघताहेत. बायका मागे सरकताहेत. लाझारो एकटा पुढे येतोय, हळूहळू, बंदूक सरसावून. पाहुण्याला शिकवायचा तसा नेम धरून —

लाझारो, मी आहे! मी —

ऐकत नाही. ऐकणार नाही. जखमी जनावर सोडून जायचं नाही, हे मीच त्याला —