सकाळची बोटं, दुपारचे डॉक्टर

तीर्थरूप मावशीस,

नमस्कार. (साष्टांग घालणार होते. पण खाली गेले तर वर कोण काढणार, म्हणून उभ्यानंच.) काकांचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. इकडे ह्यांची प्रकृती उत्तम, आणि माझ्या बोटांचा खटला अखेर माझ्या बाजूनं लागला. तो कसा लागला ते सविस्तर लिहिते, कारण फोनवर तू मध्येच बोलतेस.

माझा संधिवात म्हातारपणाचा नव्हे, हे तुला माहीत आहे. घर राखायला ठेवलेला कुत्रा घरच्यांनाच चावू लागावा, तसं माझं शरीर माझ्याच सांध्यांना चावतं. हा आजार जात नाही, औषधानं आवरतो. शिवाय लबाड आहे. सकाळी माझी बोटं धरून बसतो. टूथपेस्ट काढायची तर ट्यूब दोन तळव्यांत दाबावी लागते. दुपारी सोडतो. आणि डॉक्टर नेमके दुपारी बसतात. पाहुण्यांसमोर मूल जसं शहाण्यासारखं वागतं, तशी माझी बोटं त्यांच्यापुढे वागतात.

त्यात माझं तोंड. डॉक्टर विचारणार, काय, बरं ना? मी म्हणणार, हो, बरं आहे. आपल्यात या प्रश्नाला दुसरं उत्तरच नाही. जिन्यात शेजारीण विचारते तेव्हा पाय प्लास्टरमध्ये असला तरी आपण बरं आहे म्हणतो. तिलाही पिशव्या घेऊन वर जायचं असतं. पण शेजारीण त्यावरून आपलं औषध कमी करत नाही. डॉक्टरांनी केलं. पुढच्या खेपेला पुन्हा बरं ना, पुन्हा हो, पुन्हा कमी. (मला वाटायचं, चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेत सूट मिळते आहे.) शेवटी सकाळी कात्री मिटेना. कोट शिवणाऱ्या बाईची कात्री मिटत नसेल तर तिला दुकान मिटावं लागतं. मी तेवढ्यावर आले होते.

दुपारी जाऊन सांगून पाहिलं, की सकाळी मूठ वळत नाही. त्यांनी मूठ वळवून पाहिली. वळली. 'जमतं की,' ते म्हणाले, इतक्या आनंदानं की मला त्यांचं मन मोडवेना. बाहेर येऊन नंबर देणाऱ्या बाईंकडे सकाळची वेळ मागितली. सकाळी डॉक्टर वॉर्डात असतात, तिथे फक्त गंभीर पेशंट बघतात, असं कळलं. 'तुम्ही तर चालत आलात,' बाई म्हणाल्या. 'सकाळी बोलवा, मग बघा कशी येते,' मी म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि डॉक्टर वॉर्डात जायच्या आधीची वेळ दिली.

त्या दिवशी मी काहीच केलं नाही. गरम पाण्यात हात नाही, शेक नाही. कोटाची बटणं ह्यांनी लावली, वरचं एक काज चुकवून, आणि मग त्याच नियमानं खालपर्यंत. जन्म काजाबटणांत गेलेली मी, तशीच बाकावर बसले. समोरची बाई टक लावून माझ्या कोटाकडे बघत होती. नशीब, ती गिऱ्हाईक नव्हती. (होती. तिच्या अंगावरची कॉलर मीच लावलेली होती.)

आत गेले आणि पिशवीतून कात्री काढली. कापडाची कात्री केवढी असते ते तुला माहीत आहे, डॉक्टरांना नव्हतं. त्यांनी खुर्ची भिंतीला टेकेपर्यंत मागे नेली. मी टेबलावर कापड पसरलं, खडूची रेघ दाखवली आणि कापायला घेतलं. कात्री उघडली ती उघडीच राहिली. डॉक्टर हळूहळू खुर्चीसकट पुढे आले.

'हे आधी का नाही सांगितलंत?'

'तुम्ही बरं ना, असं विचारलंत.'

'मग काय विचारू?'

'काय करता येत नाही ते विचारा. आणि सकाळी विचारा.'

त्यांनी औषध पहिल्यासारखं केलं, रक्त तपासायला सांगितलं, यापुढे माझी वेळ सकाळचीच, असं ठरवून टाकलं. मग कात्री घेऊन स्वतः कापून पाहिलं. रेघ एकीकडे, कात्री दुसरीकडे. 'जमतं की,' मी म्हटलं.

आता औषध लागू पडलं आहे. बोटं पूर्वीसारखी नाहीत, होणारही नाहीत. पण काल मी जाड लोकरीचा कोट सकाळीच बेतला आणि कापलाही, आणि नंतर बराच वेळ कात्री उगाच उघडत-मिटत बसले. हे म्हणाले, आवाज बंद कर. केला नाही.

काकांना नमस्कार.

तुझी भाची

ता. क. त्या दिवशी निघताना नंबर देणाऱ्या बाईंनी विचारलं, काय, बरं ना? मी म्हटलं, हो, बरं आहे. डॉक्टर दारातच होते. 'खोटं आहे ते,' त्यांनी बाईंना सांगितलं.

आणखी ता. क. परवा फोनवर तू सहज म्हणालीस, की हल्ली सकाळी बरणीचं झाकण काका उघडून देतात, अंगठी काढून ठेवली आहे, वयाचं आहे सगळं, बाकी बरं आहे. मावशी, मी त्याच डॉक्टरांकडे तुझ्या नावानं सकाळची वेळ घेतली आहे. काकांना विचारलं आहे, ते तुला आदल्या दिवशी आणून सोडतील. सकाळी हात गरम पाण्यात घालायचे नाहीत. बरणी बरोबर आण. मी शेजारी बसेन, पण उघडून देणार नाही.