तपकिरी हॅटचे दोन खळगे

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. तिसरं. पहिल्या दोन पत्रांत तू निदान विनवण्या केल्या होत्यास, ह्या वेळी सरळ हुकूमच सोडलायस. महिनाअखेरीला लेक टेम्पो घेऊन येईल, तोवर सामान बांधून ठेव, आणि त्या तीन हॅट्स तेवढ्या कुणाला तरी देऊन टाक, आमच्याकडे त्यांना जागा नाही. तर ऐक. मी सामान बांधलेलं नाही. साधी सुतळीसुद्धा विकत आणलेली नाही. हॅट्स कुणाला दिलेल्या नाहीत, उलट त्यातली करडी आत्ता हे लिहिताना माझ्या डोक्यावर आहे. घरात कशाला घातलीस म्हणशील. आत्ताच कामावरून आलेय, काढावीशी वाटली नाही म्हणून. माझं घर आहे, माझं डोकं आहे.

हे गेल्याला चौदा महिने झाले आणि ह्या चौदा महिन्यांत मला जो तो सांगतोय की बाई, एकटी राहू नकोस. शेजारीण सांगते, ग्रंथालयातले साहेब सांगतात, दातांचा डॉक्टर माझं तोंड उघडं असताना सांगतो, म्हणजे मला उत्तरसुद्धा देता येऊ नये. तू सांगतेस त्याचा मात्र राग येतो, कारण तू मला लहानपणापासून ओळखतेस. अंधाऱ्या जिन्यात भीती तुला वाटायची, पुढे मी चालायचे.

तुला आठवतंय का, ह्यांना पहिल्यांदा बघायला आपण दोघी गेलो होतो? हे तेव्हा नुकते विजेचे मीटर तपासायच्या नोकरीला लागले होते आणि डोक्यावर फेल्टची हॅट घालून आले होते, आपल्या वडिलांपेक्षाही जुन्या माणसासारखे. मला हसू आवरेना. आणि लग्नात तर तू कमालच केलीस. ह्यांची हॅट खुर्चीवर होती, ती उचलून तू सरळ डोक्यावर चढवलीस. आणि ती तुला बसली! अगदी मापानं शिवल्यासारखी. सगळे खो खो हसले. तुला घरात ‘हंडा’ आणि मला ‘वाटी’ म्हणायचे ते उगीच नाही, हे त्या दिवशी सासरच्या लोकांनाही कळलं. मग मी घालून पाहिली तर ती माझ्या नाकापर्यंत आली. तो फोटो माझ्याकडे अजून आहे. तू हॅटमध्ये इतकी ऐटबाज दिसतेस की नवरी कोण ते शोधावं लागतं.

तर ह्यांच्या हॅट्स. हिरवी रविवारची. करडी आणि तपकिरी कामाच्या, एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दुसरी, कारण घामेजलेल्या हॅटला एक दिवस विश्रांती हवी असं हे म्हणायचे. स्वतःला कधी दिली नाही, हॅटला दिली. तिन्ही त्यांनी जुन्या बाजारातून घेतलेल्या, आधी कुणीतरी वापरलेल्या, आणि त्यांची निगा ते एखाद्या आजारी माणसाची राखावी तशी राखायचे. दोन वेगळे मऊ ब्रश, एक फिक्या रंगाला, एक गडद रंगाला. डाव्या बाजूपासून सुरू करायचं आणि लवेच्या दिशेनं फिरवत जायचं. हॅट कधी कडेवर टेकवून ठेवायची नाही, उलटी, माथ्यावर ठेवायची. सगळं शिस्तीत. फक्त एक गोष्ट चूक. हॅट काढताना कड धरायची असते, हे कुणालाही माहीत आहे. हे मात्र माथ्याची पुढची, दोन्ही बाजूंनी दाबलेली चिमट धरून काढायचे. एका हातात टॉर्च आणि वही, समोर मीटरची पेटी, आत डोकावायचं तर हॅट काढायला हवी, मग उरलेल्या हाताच्या तीन बोटांनी चिमटीत धरून काढायची. दिवसातून शंभर वेळा, एकतीस वर्षं.

त्यामुळे करड्या आणि तपकिरी, दोन्ही हॅट्सना पुढे दोन खळगे पडले होते. एका बाजूला अंगठ्याचा, दुसऱ्या बाजूला दोन बोटांचा मिळून एक. तिथली लव झिजून कापड चकाकायला लागलं होतं. मी किती बोलले असेन! पुस्तकांच्या डागडुजीत माझा सगळा जन्म गेला, दुमडलेलं पान दिसलं की माझे हात शिवशिवतात, आणि हा माणूस रोज माझ्या डोळ्यांदेखत चांगल्या वस्तूची नासाडी करतोय. मी म्हणायचे, कड धरा हो, कड. हे म्हणायचे, उद्यापासून. एकतीस वर्षं उद्यापासून.

आता जे सांगतेय ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. हे गेल्यावर दुसऱ्या महिन्यात मला काहीतरी नीट करावंसं वाटायला लागलं. काहीही. आधी खिळखिळे झालेले ड्रॉवर नीट केले, मग बाथरूमचा नळ, मग एका दुपारी करडी हॅट घेतली. किटली ठेवली, वाफ धरली, आतून चमच्याची पाठ लावून हळूहळू दाबत गेले. एका पानाला मी जेवढा जीव लावते त्याच्या दुप्पट लावला. दीड तासात दोन्ही खळगे साफ गेले. ब्रश फिरवला. दुकानातून काढल्यासारखी दिसायला लागली. मी ती टेबलावर उलटी ठेवली, दोन पावलं मागे आले, कौतुकानं बघितलं, आणि तेव्हा कुठे लक्षात आलं. ताई, मी ह्यांची बोटं पुसून टाकली होती. माझ्या हातानं, इतक्या मन लावून. मी पुन्हा वाफ दिली, माझा अंगठा आणि दोन बोटं दाबून खळगे पाडायचा प्रयत्न केला. पडले, पण माझ्या बोटांचे पडले. लहान आणि भलत्याच जागी. त्या दिवशी मी जी रडले ती ह्यांना नेलं त्या दिवशीही रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी करडी घेऊन मी टोपीवाल्याकडे गेले. बाजारामागच्या गल्लीत एक म्हातारा अजून हॅट्स दुरुस्त करतो, लाकडी डोक्यांची रांग लावून बसलेला असतो. हॅटची निगा राखायला हे त्याच्याकडूनच शिकले होते. मी त्याला म्हटलं, पहिल्यासारखी करून द्या. त्यानं हॅट उजेडात फिरवली, आत बोट घालून पाहिलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेत असल्यासारखं झालं. “काम सुरेख केलंत,” तो म्हणाला, “पण हे काढायला तुम्हाला सांगितलं कुणी?” मग तो म्हणाला, ते खळगे आता येणार नाहीत, मला पाडता येतील पण ते माझे असतील. हॅट घरी नेऊन कपाटात ठेवणार असाल तर इथंच ठेवा, कारण कपाटात तिला कसर लागेल. घालणार असाल तर न्या. एवढं बोलून त्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाची हॅट हातात घेतली. मी तिथं उभीच. मला त्याचा इतका संताप आला की मी हॅट तिथल्या तिथं डोक्यावर घातली आणि तशीच बाहेर पडले. नाकापर्यंत आलेली. एका खांबावर आपटता आपटता वाचले.

घरी येऊन आतल्या कातडी पट्टीमागे कागदाची घडी घातली. एक पुरली नाही, तीन लागल्या. वाटीचं डोकं! दुसऱ्या दिवशी तीच घालून कामावर गेले. पहिला आठवडा फार वाईट गेला, खोटं कशाला बोलू. बसमध्ये दोन कॉलेजच्या मुली तोंडावर हात ठेवून हसत होत्या. भाजीवाली म्हणाली, ताई, नाटकात काम मिळालं का? साहेबांनी तर मला केबिनमध्ये बोलावून तब्येतीची चौकशी केली, आवाज बारीक करून. मला वाटलं, झालं, उद्यापासून नको. आणि हे ‘उद्यापासून’ मनात आलं म्हणूनच मी दुसऱ्या दिवशी पुन्हा घातली. तिसऱ्या आठवड्यात लोक हसायचे थांबले. आता घातली नाही तर विचारतात, आज हॅट कुठाय. भाजीवालीनं परवा पिशवी भरायच्या आधी विचारलं, ती हॅट धुता कशी हो? मी तिला सांगितलं, धुवायची नाही, फक्त ब्रश.

एकदा पावसात भिजले तेव्हा घाबरून हॅट हीटरसमोर ठेवणारच होते, पण ह्यांचा ओरडा कानात ऐकू आला. पाणी झटकायचं, आतली पट्टी बाहेर उलटवायची, आकार हातानं नीट करायचा आणि तिला तिच्या वेळेनं वाळू द्यायचं. दोन दिवस लागले. ते दोन दिवस मी हिरवी घातली, कामाच्या दिवशी रविवारची. काही बिघडलं नाही. करडीवर आता माझ्या बोटांचे खळगे पडायला लागलेत, कारण एका हातात पिशवी असली की मीही चिमटच धरते. एकतीस वर्षं बोलले त्याचं हे फळ. पण ते खळगे मी मुद्दाम दाबून पाडलेले नाहीत, रोज घालून पडलेत, म्हणून मला ते चालतात.

तपकिरी मात्र मी कधी घातली नाही. तिला वाफ दाखवली नाही, नुसता ब्रश, तोही पुढची बाजू सोडून. ह्यांचे खळगे जगात आता तेवढ्या एकाच ठिकाणी उरलेत. ती ज्या डब्यात ठेवलीय तो डबा साफसफाईच्या बाईला मी हलवूसुद्धा देत नाही.

आता तुझ्याबद्दल. तुझी तिन्ही पत्रं मी पुन्हा काढून ओळीनं वाचली. पडद्यांचं कापड, स्वयंपाकघरातली गळती, समोरच्या गॅलरीतलं मांजर, भावोजींचा गुडघा. सगळं घरातलं. तुझा पाय घरात कधी टिकला नाही ताई, तू मीठ आणायला जायचीस ती दोन तासांनी चार नव्या मैत्रिणी करून यायचीस. आणि फोनवर हल्ली तू चेहरा दाखवत नाहीस, कॅमेरा बिघडलाय म्हणतेस. मी आपली माझ्याच रागात. मला वाटलं, ही माझी कीव करतेय, मला म्हातारी ठरवून कोपऱ्यातल्या खोलीत बसवणार. म्हणून पहिल्या दोन पत्रांना मी चार ओळींची फटकळ उत्तरं पाठवली. त्याची मला आता लाज वाटते.

मंगळवारी तुझ्या लेकानं मला ग्रंथालयात फोन केला. तू त्याला शपथ घातली होतीस हे त्यानं सांगितलं, तरी त्याच्यावर रागावू नकोस, रागवायचं तर माझ्यावर. तो म्हणाला, “मावशी, आईच्या डोक्याला चाई लागलीय, निम्मे केस गेलेत, सात महिने ती घराबाहेर पडलेली नाही.” सात महिने, ताई. आणि मला लिहितेस की तू एकटी कशी राहशील. सरळ लिहायचंस ना, की अगं वाटे, मला भीती वाटते, पुढे चाल. मी धावत आले असते. तर आता नीट वाच. टेम्पो रद्द कर, मी राहायला येणार नाही, माझं घर आणि माझं काम इथं आहे. पण शनिवारी दुपारी चारला मी तुझ्या दारात असेन आणि दर शनिवारी येईन. कपडे बदलून तयार राहा. पहिल्या दिवशी फक्त कोपऱ्यापर्यंत जाऊ, पुढच्या वेळी चौकापर्यंत. लोक हसतील, आठवडाभर, फार तर तीन आठवडे, मी मोजलंय. करडी माझ्या डोक्यावर असेल आणि डब्यात तुझ्यासाठी तपकिरी आणतेय. तिला कागदाची घडी लागणार नाही, हे सगळ्यांना तुझ्याच हट्टामुळे माझ्या लग्नातच कळलंय. आल्या-गेल्याला मी सांगते की हॅट काढताना कड धरा. तुला नाही सांगणार. तू पुढूनच धर, अंगठा एका बाजूला, दोन बोटं दुसऱ्या बाजूला, जागा तयारच आहे.

तुझीच,
वाटी