खुशालीची पहिली ओळ

प्रिय धाकट्या,

इकडे काहीही खुशाल नाही. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, आणि तेही कागदावर, कारण पाकीट तुलाच फोडावं लागेल. तुझी स्क्रिप्ट ते फोडणार नाही.

मागच्या सुट्टीत जेवताना केवढ्या कौतुकानं सांगत होतास. एवढे मेल कोण वाचत बसणार, म्हणून तू स्क्रिप्ट लिहिलीस. ती मेल उघडते, पाठवणाऱ्याचं नाव आणि पहिली ओळ डेटाबेसमध्ये टाकते. त्या ओळीत काळजीचं काही असेल तरच तुला कळवते. नाहीतर घरच्यांना परस्पर उत्तर जातं, 'वाचून बरं वाटलं, असंच कळवत राहा.' मी म्हटलं होतं, ही शितावरून भाताची परीक्षा झाली. तू हसलास, वर भातही वाढून घेतलास. बाबा तेव्हा आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होते.

त्यांचा उभा जन्म कचेरीत पत्रं लिहिण्यात गेला, हे तुला नव्यानं सांगायला नको. पहिली ओळ ठरलेली, 'इकडे सर्व खुशाल.' दुखणं तळाशी, ता.क. म्हणून, वाचणाऱ्याला एकदम धक्का नको. होस्टेलवर असताना आजी गेल्याचं तुला ता.क.मध्येच कळलं होतं. एवढं माहीत असून बापाच्या पत्राची पहिलीच ओळ तेवढी ठेवलीस. हुशारी म्हणतात ती हीच.

बाबांना काचबिंदू झालाय. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन करा म्हणून सांगितलं होतं. बाबा म्हणाले, धाकट्याला विचारतो, त्याला यातलं कळतं. खुशाली वर, डोळा खाली, असा मेल गेला. तुझं उत्तर आलं. त्याला बरं वाटलं म्हणजे घाई नाही, असा त्यांनी अर्थ लावला. मी फोन केला की तू तो कापून मेसेज टाकायचास, मीटिंगमध्ये आहे, मेल कर. बाबांनी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. शेजाऱ्यांना सांगायचे, पोरगा किती कामात असतो, पण बापाला उत्तर द्यायला चुकत नाही. तेच शब्द त्यांनी मला तिसऱ्यांदा दाखवले तेव्हा माझी ट्यूब पेटली. तोवर उजवा डोळा गेला होता.

त्यांना खरं सांगायची माझी छाती झाली नाही. रागाच्या भरात मीच तुला मेल टाकला. वर 'इकडे सर्व खुशाल', खाली 'बाबा गेले'. मिनिटभरात उत्तर आलं. तुला वाचून बरं वाटलं होतं. बाबा तेव्हा ओट्यावर हात फिरवत चहाचं भांडं शोधत होते. त्या दिवसापासून तुझी चीड येते, आणि ती लपवावी असं मला वाटत नाही.

आता कामाचं. डावा डोळा वाचेल, पण ऑपरेशन याच आठवड्यात व्हायला हवं. बाबा सही करत नाहीत. धाकटा हो म्हणू दे, मग करू, एवढंच धरून बसलेत. तुझ्या नावानं चार ओळी लिहून त्यांना वाचून दाखवणं मला अवघड नव्हतं, त्यांना आता अक्षर दिसत नाही. पण तुझ्या नावानं खोटं बोलणारं एक यंत्र पुरे आहे. तेव्हा फोन कर, आणि 'करा' एवढं स्वतःच्या तोंडानं म्हण. ते पहिल्यांदा म्हणतील की इकडे सर्व खुशाल आहे. तेव्हा फोन ठेवू नकोस.

तुझीच,
ताई