कोल्ह्याच्या पायातला दोरा

जयनगर, रविवार, १२ नोव्हेंबर १९६१

आज आमच्या फोटो-क्लबाच्या सेक्रेटरींनी, मोहनअण्णांनी, वाळवंटातल्या कोल्ह्याचा माझा फोटो स्वतःचा म्हणून पडद्यावर दाखवला. म्हणे, "तासभर वाळूत पालथा पडलो, मग बटण दाबलं." अण्णा तर तंबूत घोरत होते! बटण मीसुद्धा दाबलं नाही. आईचा काळा दोरा कॅमेऱ्याच्या बटणाला बांधून मी बिळासमोर ताणला होता, तो कोल्ह्यानंच ओढला. मी उठलो, तर आपल्या कानडी ढंगात म्हणाले, "स्वल्प थांब रे, जरा मोठ्यांना बोलू दे." थांबलो. का थांबलो? आता या फोटोच्या जोरावर क्लबातर्फे कोल्ह्यांच्या पाहणीला जैसलमेरला पुन्हा तेच जाणार.

पण दोरा फोटोत दिसतो, पुढच्या पायाला अडकलेला. उद्याच एन्लार्जमेंट करतो, खिडकीएवढी. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर गोड आवाजात विचारीन, "अण्णा, बटण तुम्ही दाबलंत ना? मग हा दोरा कसला?"

आणि स्वल्प थांबेन.